आदेवरुल : एका रोमेनियन दैनिकाचा जन्म आणि त्याच्या मालकांची गोष्ट

शिळाप्रेस (धागाकर्ता)

गेले काही महिने जुन्या वर्तमानपत्रांच्या मालकीचा इतिहास वाचतोय. पेपर कुणी काढला हे सगळीकडे लिहिलेलं असतं. पुढे तो कुणाच्या हातात गेला आणि प्रत्येक हस्तांतरानंतर त्यातलं काय उरलं, हे मात्र खणून काढावं लागतं. या वाचनात रोमेनियाचं 'आदेवरुल' हे दैनिक भेटलं आणि मी तिथेच अडकून पडलो. म्हणून हा धागा.

'आदेवर' म्हणजे सत्य. शेवटचा 'उल' हा रोमेनियन भाषेचा प्रत्यय, 'ते ठरावीक' असं दाखवणारा. म्हणजे नावाचा अर्थ 'ते सत्य', दुसरं कुठलं नाही. नावातच एवढा दावा करणाऱ्या पेपराची सुरुवात मात्र एका पदच्युत राजाच्या निष्ठेतून झाली.

१८५९ मध्ये मोल्दाविया आणि वालाकिया या दोन संस्थानांनी एकाच माणसाला गादीवर निवडून दिलं : आलेक्सांद्रू इओन कूझा. आजच्या रोमेनियाची सुरुवात तिथे धरतात. १८६४ मध्ये कूझाने शेतकऱ्यांना जमिनी देणारा कायदा केला आणि बडे जमीनदार बिथरले. फेब्रुवारी १८६६ मध्ये रात्री राजवाड्यात शिरून त्याच्याकडून राजत्यागावर सही घेतली गेली आणि त्याला देशाबाहेर काढलं. त्याच्या जागी जर्मनीहून होहेनझोलर्न घराण्यातला कारोल आणला.

याश शहरात आलेक्सांद्रू बेल्दिमान नावाचा, पूर्वी पोलीसखात्यात वरच्या हुद्द्यावर असलेला माणूस होता. तो कूझाचा. १५ डिसेंबर १८७१ ला त्याने 'आदेवरुल' हे साप्ताहिक सुरू केलं आणि कारोलला हटवून कूझाला परत आणा, हे उघड लिहायला लागला. खटला झाला. तो निर्दोष सुटला, पण १३ अंकांनंतर १८७२ मध्ये साप्ताहिक बंद पडलं.

सोळा वर्षांनी तेच नाव घेऊन बुखारेस्टमध्ये दैनिक निघालं. तारीख १५ ऑगस्ट १८८८. एव्हाना कारोल नुसता राजपुत्र राहिला नव्हता, १८८१ पासून तो रीतसर राजा होता. पैसा घातला ग्रिगोरे लुइस या छापखानेवाल्याने. मालक दोघे : बेल्दिमान आणि कूझाचा मुलगा! म्हणजे ज्याच्या बापाची गादी गेली, तोच गादीवर बसलेल्याविरुद्धच्या पेपराचा मालक. नाव आधी 'देझरोबिरेया' ठरत होतं, अर्थ गुलामगिरीतून सुटका. शेवटी जुन्याच नावावर परत आले.

नावाखाली वासिले आलेक्सांद्री या कवीची ओळ असे. तिचा मराठीत अर्थ साधारण असा : 'रोमेनियन माणसा, घरातल्या परक्या खिळ्यापासून सावध राहा.' परका खिळा म्हणजे जर्मन कारोल. पहिल्याच अंकात मागण्या होत्या : कारोलने पायउतार व्हावं, राजा लोकांनी निवडावा, शेतकऱ्यांना जमीन मिळावी. १० मे हा राज्याचा राष्ट्रीय सण. 'आदेवरुल'ने त्याला राष्ट्रीय शोकाचा दिवस म्हटलं.

इथवर हा एका गटाचा, एका रागाचा पेपर होता. तो खऱ्या अर्थाने वर्तमानपत्र झाला तो कोन्स्तान्तीन मिलमुळे. हा वकील, लेखक, समाजवादी. १८९५ मध्ये बेल्दिमान बाजूला झाला आणि सूत्रं मिलकडे आली, ती १९२० पर्यंत. १८९८ मध्ये त्याने सरिन्दार रस्त्यावर पेपरासाठी स्वतंत्र इमारत बांधली. खास वर्तमानपत्रासाठी बांधलेली देशातली ही पहिली वास्तू. १९०४ मध्ये 'दिमिन्यात्सा' (सकाळ) हे भावंड दैनिक काढलं आणि १९१२ मध्ये ते रंगीत छापून दाखवलं. मतदानाचा हक्क, शेतकऱ्यांचे हाल, ज्यूंना नागरिकत्व, या विषयांवर पेपर ठामपणे बोलत राहिला. अनेक ज्यू पत्रकार तिथे काम करत आणि त्यासाठी शिव्याही खात.

पुढचा भाग मला फार लागतो. मिल निवृत्त झाल्यावर मालकी आरिस्तिदे ब्लांक या बँकवाल्याच्या वर्तुळात गेली. कारभार कोन्स्तान्तीन ग्राउरकडे आला. १९३६ मध्ये लिबरल पक्षाच्या जवळच्या गटाने दोन्ही पेपर घेतले आणि संचालक म्हणून मिहाईल सादोव्यानु हा मोठा कादंबरीकार आणला. उजव्या गटांनी रस्त्यात अंकांच्या होळ्या केल्या, सादोव्यानुची पुस्तकंही जाळली. डिसेंबर १९३७ च्या अखेरीस ओक्तावियान गोगाचं सरकार आलं आणि पहिल्या काही दिवसांतच त्याने 'आदेवरुल' आणि 'दिमिन्यात्सा' दोन्ही बंद केले. गोगा स्वतः कवी होता. त्याचं सरकार जेमतेम दीड महिना टिकलं, पण पेपर आठ वर्षं अंधारात गेला. १९४६ मध्ये जुन्या लोकांनी तो परत सुरू केला. १९५१ मध्ये कम्युनिस्ट राजवटीत तोही संपला.

आणि मग १९८९. कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र होतं 'स्किन्तेया', म्हणजे ठिणगी. २२ डिसेंबरला हुकूमशहा चाउशेस्कु पळाला. मुखपत्राने एका दिवसात 'जनतेची ठिणगी' असं नाव घेतलं. २५ डिसेंबरला, म्हणजे चाउशेस्कु दांपत्याला गोळ्या घातल्या त्याच दिवशी, त्याच लोकांनी त्याच इमारतीतून जो पेपर काढला त्याचं नाव होतं 'आदेवरुल'.

आज तो पेपर स्वतःला १८८८ चा वारस म्हणवतो. माझा प्रश्न सरळ आहे : हा वारसा खरा धरायचा का?

---

बुखारेस्टकर

धागा वाचून लगेच लॉग-इन केलं. सहा वर्षं इथे नोकरीला आहे.

सरिन्दार रस्त्याला आता मिलचंच नाव आहे. काल्या व्हिक्तोरिएय या मुख्य रस्त्यावर सैनिकी क्लबची मोठी इमारत लागते, पूर्वी तिथे सरिन्दारचा मठ होता. त्याच्या जवळच हा लहानसा रस्ता फुटतो. मी कित्येकदा तिथून गेलोय, पण मिल कोण हे मला आज कळलं. खरं सांगतो, वाईट वाटलं.

'स्किन्तेया'ची इमारत वेगळी, शहराच्या उत्तर टोकाला. पन्नाशीच्या दशकात बांधलेली, मॉस्कोच्या उंच इमारतींच्या घाटाची, मधोमध मनोरा. नाव होतं 'कासा स्किन्तेई', ठिणगीचं घर. आता 'कासा प्रेसेई लीबेरे', मुक्त वृत्तपत्रांचं घर. समोर लेनिनचा पुतळा होता, तो १९९० मध्ये उतरवला. त्या जागी आता कम्युनिस्टविरोधी लढ्याचं स्मारक आहे, तीन पंखांचं.

म्हणजे इमारतीचं नाव बदललं, पेपराचं बदललं, चौथऱ्यावरचा माणूसही बदलला.

---

खिळेजुळारी

मी एकतीस वर्षं छापखान्यात काढली. पहिली चौदा हाताने खिळे जुळवण्यात, नंतर ऑफसेट आलं. त्यामुळे 'परका खिळा' वाचून थांबलो. आपल्याकडे टाइपाला खिळाच म्हणतात. त्यांच्या भाषेत तो अर्थ नसणार, पण एखाद्या जुळाऱ्याने रोज पहाटे ती ओळ खिळ्यांनी जुळवली असेल, हे डोळ्यांसमोर आलं.

एक विचारायचं होतं. घरातल्या खिळ्याची ही उपमा आली कुठून? परका पाहुणा, परका साप, असं काही समजलं असतं. खिळाच का?

---

बुखारेस्टकर

@खिळेजुळारी काका, यामागे एक लोककथा असावी. इथे 'पेपेलेयाचा खिळा' हा वाक्प्रचार सगळ्यांना ठाऊक आहे. पेपेलेया नावाचा चलाख माणूस आपलं घर विकतो, पण व्यवहारात एक अट घालतो : भिंतीतला एक खिळा माझाच राहील. घेणाऱ्याला वाटतं, एका खिळ्याने काय होतंय. मग पेपेलेया वेळीअवेळी येतो, खिळ्यावर काहीबाही टांगतो, शेवटी असलं घाण वासाचं काही टांगतो की घरमालक घर सोडून निघून जातो. घर परत पेपेलेयाचं.

आलेक्सांद्रीच्या मनात हीच कथा होती का हे मी छातीठोक सांगणार नाही. पण इथला माणूस ती ओळ वाचताना या कथेकडे जाणारच.

---

तळटीप

लेख उत्तम, पण प्रश्नाचं उत्तर मला अजिबात अवघड वाटत नाही. वारसा खोटा आहे.

'आदेवरुल' १९५१ मध्ये कुणाच्या राज्यात संपला? कम्युनिस्टांच्या. त्यांचं मुखपत्र कोणतं? 'स्किन्तेया'. ज्या व्यवस्थेने पेपर संपवला, तिच्याच मुखपत्राने अडतीस वर्षांनी त्याचं नाव अंगावर घेतलं. मिलच्या वारसांना कुणी विचारलं? १९४६ मध्ये तो परत उभा करणाऱ्यांना विचारलं? नाव मोकळं पडलं होतं, उचललं. पेपेलेयाच्या कथेत निदान व्यवहार लिहून झाला होता.

शिवाय १९९० मध्ये या नव्या 'आदेवरुल'ने काय केलं ते पाहा. सत्तेवर आलेल्या नॅशनल साल्व्हेशन फ्रंटची बाजू घेतली आणि विद्यापीठ चौकात जवळपास दोन महिने धरणं धरून बसलेल्या तरुणांवर टीका केली. माजी राजा मिहाय यालाही झोडपलं. नाव बदलल्याने सवयी बदलत नाहीत.

---

रानजाई

@तळटीप, राजाला झोडपणं हा मुद्दा उलटाही लावता येईल ना? जुना 'आदेवरुल' राजाविरुद्धच जन्मला होता. पण तुमचं मूळ म्हणणं पटतं. बेल्दिमान सत्तेवर असलेल्या राजाशी भिडला होता. १९९० चा पेपर सत्तेच्या बाजूने उभा राहून गादी गमावलेल्या राजाला बोलत होता. दोन्हीत राजा आहे एवढंच साम्य.

त्याच काळातलं दुसरं दैनिक 'उनिवेर्सुल' यात आणलं पाहिजे, कारण त्याची मालकी अगदी वेगळ्या वाटेने गेली. ते १८८४ मध्ये काढलं लुइजी काझाव्हिल्लान या इटालियन माणसाने. १८७७ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धाचा वार्ताहर म्हणून तो आला आणि तिथेच राहिला. त्याने पक्षाचा पेपर काढला नाही, धंद्याचा काढला : स्वस्त किंमत, भरपूर बातम्या, छोट्या जाहिराती. खप प्रचंड वाढला. परक्या माणसाने रोमेनियन भाषेतलं सगळ्यात लोकप्रिय दैनिक उभं केलं, हे मला फार भावतं. बुखारेस्टमध्ये त्याच्या नावाची बाग आहे.

पण १९०३ मध्ये तो गेला आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पेपर स्तेलियान पोपेस्कुच्या हातात आला. तिसाव्या दशकात याच 'उनिवेर्सुल'ने 'आदेवरुल' आणि 'दिमिन्यात्सा'विरुद्ध मोहीम चालवली, तीही उघड ज्यूद्वेषाची. एका परदेशी माणसाने उभा केलेला पेपर दुसऱ्यांना परके ठरवायला वापरला गेला. मालक बदलला की असं होऊ शकतं.

---

शिळाप्रेस

@रानजाई, काझाव्हिल्लानबद्दल लिहायचं माझ्याही मनात होतं, लांबी वाढेल म्हणून सोडलं. बरं झालं तुम्ही लिहिलंत.

@तळटीप, १९८९ नंतरच्या मालकीबद्दल मी मूळ लेखात लिहिलं नाही, ते इथे देतो.

पक्ष गेला तेव्हा त्याच्या मुखपत्राला मालकच उरला नाही. पेपराची कंपनी झाली आणि शेअर तिथेच काम करणाऱ्यांकडे आले. ऐकायला किती छान आहे, लिहिणारेच मालक! पण पुढची दहा-बारा वर्षं शेअर एकेका हातातून सरकत संचालक दुमित्रु तिनु याच्याकडे जमत गेले. १ जानेवारी २००३ ला तिनु मोटार अपघातात गेला. बहुसंख्य शेअर त्याचे होते हे तेव्हा उघड झालं, आणि ते वारशाने त्याच्या मुलीकडे गेले. ज्या पेपराला संपादक मंडळी आपला समजत होती, तो कायद्याने एका घराची मालमत्ता निघाला. २००५ मध्ये संपादक क्रिस्तियान तुदोर पोपेस्कु आणि त्याच्याबरोबर मोठा गट बाहेर पडला आणि त्यांनी 'गिन्दुल' (विचार) हे नवं दैनिक काढलं. २०११ मध्ये त्याची छापील आवृत्ती थांबली.

२००६ मध्ये 'आदेवरुल' तेल-उद्योगपती दिनु पात्रिचिउने घेतला. त्याने त्यात भरपूर पैसा ओतला, पेपरासोबत पुस्तकमाला सुरू केल्या, संध्याकाळचा फुकट अंकही काढला. २०१२ मध्ये त्याने तो जाहिरात-व्यवसायातल्या क्रिस्तियान बुर्चला विकला.

म्हणजे पदच्युत राजाचा मुलगा, समाजवादी वकील, बँकवाला, पक्षाच्या जवळचा गट, कम्युनिस्ट पक्षाचे माजी नोकर, एक संचालक, त्याची मुलगी, तेलसम्राट, जाहिरातवाला. या सगळ्यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच, पहिल्या पानावरची अक्षरं. वारसा खोटा म्हणणं मला सोपं वाटतं. पण मग १८९५ मध्ये बेल्दिमानकडून मिलकडे आलेला वारसा तरी खरा कशावरून? कूझाच्या मुलाचा पेपर एका समाजवाद्याचा झाला, तेव्हाही कुणी 'हा तो नव्हेच' म्हणालंच असेल.

---

तळटीप

फरक आहे. बेल्दिमानने स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या हाताने मिलला पेपर दिला. मिलने गरिबांची बाजू सोडली नाही. दिलेली गोष्ट आणि उचललेली गोष्ट एक नसते. मी या मुद्द्यावर हलणार नाही.

---

पाणपोई

+१ तळटीप. आणि शिळाप्रेस, असे धागे काढत राहा. रोमेनियाबद्दल मला ड्रॅक्युला आणि चाउशेस्कु यापलीकडे काही माहीत नव्हतं.

---

ओलीशाई

ट्रान्सिल्व्हेनियाचा भाग राहिला. तो प्रदेश तेव्हा हंगेरीच्या राज्यात होता, त्यामुळे तिथे रोमेनियन भाषेत दैनिक काढणं हीच राजकीय कृती. १८८४ मध्ये सिबिउमध्ये 'त्रिबुना' सुरू झालं, संपादक योआन स्लाविच हा कथालेखक. मागे एखादा धनिक नव्हता, रोमेनियन राष्ट्रीय चळवळीतल्या लोकांनी उभा केलेला पेपर होता तो. लेखांवरून खटले भरले जात. स्लाविचला वर्षभराची शिक्षा झाली आणि त्याने ती वाच शहराच्या तुरुंगात भोगली. १९०३ मध्ये 'त्रिबुना' थांबलं.

बुखारेस्टमध्ये 'पेपराचा मालक कोण' हा प्रश्न होता. सिबिउमध्ये 'पेपरासाठी तुरुंगात कोण जाणार' हा होता. माझ्या मते मालकीचा खरा अर्थ दुसऱ्या प्रश्नातून कळतो.

---

रानजाई

@ओलीशाई, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून पेत्रे मिहाय बकानु आठवला. 'रोमानिया लीबेरा' (स्वतंत्र रोमेनिया) या सरकारी दैनिकात तो पत्रकार होता. चाउशेस्कुच्या काळात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चोरून 'रोमानिया' नावाचा पेपर छापायची तयारी केली. त्या गटात पत्रकार होते आणि छापखान्यातला एक कामगारही होता. जानेवारी १९८९ मध्ये त्यांना पकडलं. एकही अंक लोकांच्या हातात पोचला नाही. २२ डिसेंबरला, क्रांतीच्याच दिवशी, बकानु सुटला आणि पुढे 'रोमानिया लीबेरा'चं नेतृत्व त्याने केलं. १९९० मध्ये सत्तेला रोज प्रश्न विचारणारा पेपर तो होता.

पण त्याच्याही मालकीचं पुढे तेच झालं. एका जर्मन वृत्तपत्रसमूहाने हिस्सा घेतला, मग दान आदामेस्कु हा उद्योगपती मालक झाला. न्यायाधीशांना लाच दिल्याबद्दल त्याला शिक्षा झाली आणि ती भोगत असतानाच २०१७ मध्ये तो वारला. ज्या पेपरातल्या माणसाने पेपर काढण्यासाठी तुरुंग पाहिला, त्याच पेपराचा मालक लाच देण्यासाठी तुरुंगात गेला. हे लिहिताना मला त्रास होतो.

---

बुखारेस्टकर

आज कामावरून सुटल्यावर मुद्दाम कोन्स्तान्तीन मिल रस्त्यावर गेलो. अरुंद आहे, गाड्या लावलेल्या, दहा मिनिटांत या टोकाचं त्या टोकाला जाऊन परत आलो. ऑफिसातल्या साठीच्या सहकाऱ्याला विचारलं, 'आदेवरुल' म्हटल्यावर काय आठवतं? तो म्हणाला, १९९० मधल्या रांगा. सकाळी पेपराच्या टपरीसमोर लोक ब्रेडसाठी उभे राहावेत तसे उभे असायचे आणि मिळेल तो पेपर घ्यायचे, एक संपला तर दुसरा. आयुष्यात पहिल्यांदाच पेपरात उद्या काय असेल हे आधी माहीत नसायचं.

मिल कोण, हे त्यालाही माहीत नव्हतं. मी सांगितलं.

---

खिळेजुळारी

@बुखारेस्टकर, पेपेलेयाची गोष्ट घरी सगळ्यांना वाचून दाखवली. नातीने तीनदा सांगायला लावली.

रानजाईंनी त्या छापखान्यातल्या कामगाराचा उल्लेख केला, तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे. २४ डिसेंबर १९८९ च्या रात्री त्या ठिणगीच्या घरात पाळीवर असलेले लोक. वर्षानुवर्षं चाउशेस्कुची भाषणं शब्द न् शब्द जुळवणारे, प्रुफात एक चूक राहिली तर धास्तावणारे. त्या रात्री त्यांच्या हातात पहिल्या पानासाठी नवीन नाव आलं. तुम्ही सगळे विचारताय की नाव कुणी घेतलं, हक्काने की उचलून. ते बरोबरच आहे. पण ते नाव पानावर बसवलं कुणी, हेही विचारा. पाळीत कुणी म्हातारा असेल, तर त्याने लहानपणी, १९५१ च्या आधी, घरात तो पेपर पाहिलेला असू शकतो.

आमचा प्रेस विकला गेला तेव्हा मी रात्रपाळीला होतो. साप्ताहिकाचं काम चालू होतं. संध्याकाळी मॅनेजर चिठ्ठी घेऊन आले. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात ओळ असते ना, 'हे साप्ताहिक मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी' अशी, तिच्यातलं नाव बदलायचं होतं. जुनं नाव अकरा अक्षरांचं होतं, नवीन आठ. ओळ भरेना. मी दोन्ही बाजूंना स्पेस टाकून ती मधोमध आणली आणि फर्मा बांधला. बाकी अंक होता तसाच गेला.